ऑइल बघायचं कोणी?

सकाळी गाडी काढण्याआधी ड्रायव्हरने इंजिनाचं ऑइल बघावं की नाही, यावर ट्रकमालकांत आज सरळसरळ दोन मतं आहेत. एक मत जुन्या पठडीतलं. गाडी हलायच्या आधी पट्टी ओढायची, ऑइल-पाणी बघायचं, टायरवर हात मारायचा आणि मगच चावी लावायची. दुसरं मत बीएस-६ गाड्यांबरोबर रुजलं. गाडीत सेन्सर आहे, ऑइल कमी झालं तर डॅशबोर्ड सांगेल, कंपनीशी सर्व्हिसचा वार्षिक करार आहे. मग ड्रायव्हरने इंजिनाला हात लावायची गरज काय? उलट त्याने तो लावूच नये, असं या मंडळींचं म्हणणं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या दहा चाकी गाड्यांपासून न्हावा-शेव्याच्या रांगेतल्या ट्रेलरपर्यंत दोन्ही पद्धतींच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्हीकडचे लोक धंद्यात मुरलेले आहेत, म्हणून कुणालाही अडाणी किंवा आळशी ठरवून हा वाद मिटवता येणार नाही.

वाद छोटा दिसतो, पण त्यात अडकलेला पैसा छोटा नाही. अवजड डिझेल इंजिन एकदा ऑइलविना घासलं की बेअरिंग, क्रँक, लायनर, टर्बो अशी कामं एकामागोमाग निघत जातात आणि बिल लाखांत जातं. तोवर गाडी गॅरेजला, भाडं बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. आपल्याकडचा ट्रकधंदा बराचसा एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांच्या हातात आहे. पन्नास गाड्यांच्या मालकाला एक इंजिन बसल्याचा चटका बसतो. एका गाडीवर घर चालवणाऱ्याचं मात्र वर्ष वाया जातं.

आधी ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू नीट ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. अडकलेली काजळी फिल्टर ठरावीक वेळाने तापवून जाळून टाकतो. पण इंजिनात जळलेल्या ऑइलमधली राख जळत नाही, ती आत साठतच जाते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं, एपीआय सीके-४ सारख्या प्रतीचं ऑइल लागतं. रात्री अकरा वाजता हायवेवरच्या दुकानातून मिळेल तो डबा आणून ओतला, तर ऑइलची पातळी जमते आणि फिल्टरचं आयुष्य कमी होतं. शिवाय डब्यावरच्या नावाचंच ऑइल आत असेल याची खात्री कोण देणार? नकली ऑइलचा बाजार आपल्याकडे आहे, आणि करारातल्या गाडीत भलतंच ऑइल सापडलं तर वॉरंटीचं भांडण मालकाच्या गळ्यात पडतं.

दुसरं कारण लोक मोठ्याने बोलत नाहीत, ते विश्वासाचं आहे. ‘दोन लिटर ऑइल टाकलं’ असं सांगून बिल आलं की ते खरंच इंजिनात गेलं की नाही, हे मालकाला कळायला मार्ग नसतो. काही मालकांनी या एकाच कारणासाठी ड्रायव्हरकडून ऑइलचं काम काढून घेतलं. मला हा उपाय पटत नाही. पण ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य करतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे: ऑइल चुकीच्या पद्धतीने बघितलं जातं. ढाब्यासमोरची जागा उताराची असते. ड्रायव्हर गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि लगेच पट्टी ओढतो. त्या वेळी बरंचसं ऑइल वर, हेडमध्ये आणि इंजिनाच्या वाटांमध्ये असतं. खाली चेंबरमध्ये उतरायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पट्टी कमी दाखवते. तो लिटर-दीड लिटर ओततो. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. दोन-तीन थांब्यांत ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर गेलेलं असतं आणि ड्रायव्हरला वाटत असतं की आपण गाडीची काळजी घेतली.

आणि जास्त ऑइल ही काळजी नव्हेच. आपल्याकडे ‘थोडं जास्त असलेलं बरं’ ही समजूत इतकी खोल बसली आहे की तिच्याविरुद्ध स्पष्ट बोललं पाहिजे. चेंबरमधलं ऑइल ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की फिरणाऱ्या क्रँकची वजनं त्यात आपटायला लागतात. ऑइल घुसळलं जातं, त्यात हवा मिसळते, फेस होतो. पंप मग ऑइलबरोबर हवाही ओढतो आणि बेअरिंगवर जो अखंड थर हवा तो तुटतो. म्हणजे जास्त ऑइल भरलेल्या इंजिनाचं नुकसान बऱ्याच अंशी कमी ऑइलच्या इंजिनासारखंच होतं. शिवाय चेंबरमधला दाब वाढतो, सील गळायला लागतात, ब्रीदरमधून ऑइल वर ओढलं जाऊन हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पोचतं. डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही, त्यामुळे हे ऑइलच त्याचं इंधन बनतं. प्रमाण वाढलं तर चावी बंद केल्यावरही इंजिन थांबत नाही, फेरे चढतच जातात. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेततं.

इथवर ऐकलं की ‘हात लावू नका’ हा नियम शहाणपणाचा वाटायला लागतो. माझं मत तरीही दुसऱ्या बाजूला झुकतं. का, ते सांगतो.

डॅशबोर्डवरचा तो लाल, तेलाच्या झारीचा दिवा पातळी सांगत नाही, दाब सांगतो. हा फरक कित्येक मुरलेल्या ड्रायव्हरांनाही कुणी कधी समजावून दिलेला नसतो. चेंबरमधलं ऑइल खालच्या खुणेखाली गेलं तरी सपाट रस्त्यावर पंपाच्या तोंडाशी पुरेसं ऑइल असतं, दाब टिकतो, दिवा विझलेलाच राहतो. मग कसारा घाट लागतो. गाडीचं नाक वर, ऑइल मागे सरकतं. उतरताना जोराचा ब्रेक, ऑइल पुढे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर चेंबरची घडण हे सगळं सांभाळून घेते. नसेल तर पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडतं आणि ऑइलऐवजी हवा ओढतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो क्षण त्याला पुरेसा असतो. दिवा लागेपर्यंत घासायला सुरुवात झालेली असते.

नव्या गाड्यांपैकी काहींत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, हे खरं. गाडी उभी असताना, चावी फिरवल्यावर तो आकडा दाखवतो. चालत्या गाडीत ऑइल हिंदकळत असल्याने तिथे त्याचा भरवसा धरता येत नाही. पण आपल्या रस्त्यांवर बीएस-६ गाड्यांच्या बरोबरीने बीएस-४ आणि त्याआधीच्या गाड्याही धावत आहेत. लासलगावचा कांदा आणि वणीचा कोळसा वाहणाऱ्या जुन्या गाड्यांना सेन्सरचा युक्तिवाद लागूच पडत नाही. आणि सेन्सर असला तरी तो मुख्यतः ‘किती’ याचं उत्तर देतो. पट्टी आणखी बरंच सांगते.

ऑइल वाढलेलं असणं ही खूण मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं. कुणी ओतलं नसताना पट्टीवरची पातळी गेल्या आठवड्यापेक्षा वर आली असेल, तर आत दुसरं काहीतरी आलंय. एक शक्यता डिझेलची. इंजेक्टर गळत असेल, पंपाचं सील गेलं असेल, किंवा काही बीएस-६ इंजिनांत फिल्टर तापवण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं ते पूर्ण न जळता लायनरवरून खाली उतरत असेल. शहरात थांबत थांबत चालणारे पाण्याचे टँकर आणि कचरागाड्या यांना हा त्रास जास्त, कारण फिल्टर साफ होण्याचं काम दर वेळी अर्धवट राहतं. असं ऑइल बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. दुसरी शक्यता कूलंटची: हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला की ऑइल दुधाळ, तपकिरी दिसायला लागतं. या दोन्ही वेळी गाडी तिथेच उभी करायची असते. कमी ऑइलची सूचना देणाऱ्या सेन्सरच्या दृष्टीने मात्र सगळं ठीक असतं, कारण पातळी भरपूर आहे.

रंगाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. ते काजळी स्वतःत धरून ठेवतं आणि ते त्याचं कामच आहे. काळं दिसलं म्हणून बदलायची घाई नको. ते खरखरीत लागतंय का, पातळ झालंय का, त्याला वास कसला येतोय, हे बघायचं.

आता ऑइल बदलण्याच्या वाढत्या मुदतींकडे येऊ. पूर्वी वीस-तीस हजार किलोमीटरला ऑइल बदललं जायचं. आज अनेक अवजड गाड्यांना कंपन्या ८०,००० किलोमीटर आणि त्याहून लांबची मुदत देतात. ऑइलची प्रत सुधारली, इंजिनं सुधारली, त्यामुळे हे शक्य झालं, आणि मालकाचा खर्चही वाचतो. पण या मुदतीने एक नवी अडचण आणली आहे. समजा, एखादं इंजिन हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खातं. लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनाला हे फार नाही. म्हणजे ८०,००० किलोमीटरमध्ये २० लिटर. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये ४ लिटरचं अंतर धरलं (प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं, ते पुस्तिकेत बघावं), तर वरच्या खुणेवरून निघालेली गाडी १६,००० किलोमीटरला खालच्या खुणेवर येते. रोज ४०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे हे ४० दिवस झाले. सर्व्हिस तर अजून पाच महिने लांब आहे. पूर्वी ऑइल बदलण्याची वेळच लवकर येत असल्याने न बघणाऱ्याचंही निभावून जायचं. आता तसं निभावत नाही. कंपनीने मुदत वाढवली ती ऑइल टिकतं म्हणून. ऑइल कमीच होत नाही असं कंपनी कुठेही म्हणत नाही.

तेव्हा बघायचं तर आहे. पण मघाचे तिन्ही आक्षेप खरे असताना कसं बघायचं? माझ्या मते बघणं आणि ओतणं ही दोन कामं वेगळी केली की बरीचशी गुंतागुंत सुटते. बघायचं ड्रायव्हरने, रोज. ओतायचं कधी आणि कोणतं, हे मालकाने ठरवायचं.

बघण्याची पद्धत पक्की हवी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, सुरू करण्याआधी बघणं सर्वात चांगलं; सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. काही कंपन्या गरम इंजिनावर, बंद केल्यानंतर ठरावीक वेळ थांबून बघायला सांगतात. तिथे पुस्तिकेप्रमाणे चालावं. दोन्ही पद्धती आलटूनपालटून वापरल्या तर आकडे जुळत नाहीत, तेव्हा एकच धरून ठेवावी. पट्टी पहिल्यांदा ओढल्यावर तिच्यावर जे दिसतं त्याला अर्थ नसतो, कारण नळीच्या कडांचं ऑइल तिला लागलेलं असतं. ती कापडाने पुसायची, टेकेपर्यंत पुन्हा आत घालायची, मग ओढून बघायची. दोन्ही बाजूंवर वेगवेगळी रेघ दिसली तर खालची धरायची. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर तर दोनदा बघावं लागतं: नवा फिल्टर पहिल्या सुरुवातीलाच बरंच ऑइल स्वतःत ओढून घेतो आणि आधी बरोबर दिसलेली पातळी खाली येते.

सपाट जागा हा यातला सर्वात अवघड भाग आहे, आणि ड्रायव्हरवर ढकलून तो सुटत नाही. रस्त्याची कड उतरती, ढाब्याचं आवार खडबडीत. पण माल भरायच्या-उतरवायच्या ठिकाणी बहुतेक वेळा काँक्रीट असतं आणि गाडी तिथे तासन्‌तास थांबलेली असते. मालकाच्या आवारात एक सपाट जागा ठरवून तिथेच बघायचा रिवाज पाडता येतो. जुन्या, दोन-तीनदा उघडलेल्या इंजिनांत आणखी एक भानगड असते. हरवलेल्या पट्टीच्या जागी दुसऱ्याच मॉडेलची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावरच्या खुणा या इंजिनाच्या नसतात. अशा वेळी पुढचं ऑइल बदलताना पुस्तिकेतल्या मापाने भरून, इंजिन थोडा वेळ चालवून, बंद करून थांबून पट्टीवर नवी खूण करून घ्यावी. मिस्त्रीचं पाच मिनिटांचं काम आहे.

ओतण्याबाबत मात्र मी मालकांच्या बाजूने आहे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर काही ओतायचं नाही. ‘वरच्या खुणेला टेकलेलं असावं’ या हट्टापायी रोज कपभर ओतणाऱ्याला आपली गाडी नेमकी किती ऑइल खाते हे कधीच कळत नाही, आणि खाण्याचा वेग अचानक वाढला तरी तो लक्षात येत नाही. पातळी अर्ध्याच्या खाली गेली आणि पुढे घाट किंवा लांबची खेप असेल, तर गाडीत ठेवलेल्या, कंपनीने सांगितलेल्या प्रतीच्या सीलबंद डब्यातून ओतायचं. थोडं ओतायचं, थांबायचं, बघायचं, आणि वरच्या खुणेच्या आत राहायचं. चुकून जास्त झालं तर जळून जाईल म्हणत गाडी पुढे न काढता जादा ऑइल काढून टाकायचं. डबा गाडीतच असला की नकली ऑइलचा प्रश्न आणि बिलाचा संशय दोन्ही बऱ्यापैकी मिटतात. रोजची पातळी, किलोमीटर आणि ओतलेलं ऑइल एका वहीत लिहिलं की आकडे आपोआप बोलतात. फोनवर पट्टीचा फोटो पाठवणंही चालेल, पण फोटोला वास येत नाही. ‘पातळ लागतंय’ हे शब्द लिहायला वहीच हवी.

नव्या, वॉरंटीतल्या गाडीला रोज बघणं जास्त होतं का, असा प्रश्न कुणी विचारेल. सेन्सर असलेल्या आणि ऑइल न खाणाऱ्या गाडीचं आठवड्याला बघूनही भागेल, हे मी मान्य करतो. तरी मी रोजच्याच बाजूने आहे, कारण पट्टी ओढायला गेलेला माणूस फक्त पट्टी बघत नाही. खालच्या जमिनीवर पडलेला थेंब, सैल झालेला बेल्ट, कूलंटच्या पाइपवरचा ओलावा हे सगळं त्याच वेळी त्याच्या नजरेत येतं.

राहिला ड्रायव्हर. त्याच्याकडून हे काम मागायचं तर त्याला काय द्यायचं, याचा विचार या वादात दोन्ही बाजूंचे लोक करत नाहीत. खेपेवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला सकाळची पंधरा मिनिटं म्हणजे गेलेलं अंतर. ऑइल कमी असल्याचं त्याने कळवलं आणि ‘तू गाडी नीट चालवली नाहीस’ असं ऐकून घ्यावं लागलं, पगारातून कापलं गेलं, तर पुढच्या वेळी तो कळवणार नाही. वहीत रोज ‘ठीक’ लिहील. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. ऑइल-पाणी हे त्याचं काम आणि उस्तादाकडून शिकत तोच पुढे ड्रायव्हर व्हायचा. आता बऱ्याच गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो. क्लीनरचं काम त्याच्या माथी आलं, क्लीनरचा पगार मात्र आला नाही.

या बाबतीत आपला कायदा साठ वर्षांपूर्वीच स्पष्ट होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाचे तास म्हणजे फक्त गाडी चालवण्याचा वेळ असं मानलं नव्हतं. गाडीची देखभाल आणि दुरुस्ती यांत जाणारा वेळही त्याने कामाच्या तासांत धरला होता. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्यांना लागू होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो विलीन करण्यात आला. कायद्याच्या कक्षेत न बसणाऱ्या एक-दोन गाड्यांच्या मालकालाही त्यातलं तत्त्व पाळायला अडचण नाही. सकाळच्या तपासणीचा वेळ खेपेच्या वेळेत धरावा, त्याचा भत्ता वेगळा लावावा, आणि कमी किंवा वाढलेलं ऑइल कळवणाऱ्याच्या पगाराला हात लावू नये. या भत्त्याचा वर्षाचा हिशेब मांडून तो एका टर्बोच्या बिलाशेजारी ठेवला, तर मालकाला निर्णय घ्यायला फार वेळ लागणार नाही.